आण्णांच्या हातचं कार्ड

दौंडच्या गोपाळवाडी रस्त्याला रेल्वेतून रिटायर झालेल्या लोकांनी घरं बांधली आहेत. त्यातल्याच एका घरात हर्षदा कोळपे सून म्हणून आली. पहिले तीन दिवस तिला वाटलं की सासरे आजारी आहेत, कारण पुढच्या खोलीचं दार दिवसभर लोटलेलं असायचं आणि त्या दाराशी आवाज करायचा नाही, अशी सासूची ताकीद होती. सासूचं नाव बानूबाई. त्या घरात पावलं न वाजवता चालत.

चौथ्या दिवशी चहा घेऊन हर्षदा आत गेली. आण्णा टेबलावर वाकलेले होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त एक मिटलेलं पांढरं कार्ड तिच्याकडं सरकवलं. ती ते उघडायला लागली तसा आतून दरवाजा उठला, दोन्ही अंगांना बुरूज उठले, वर नगारखाना उठला. कार्ड काटकोनात आलं आणि शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तिच्या हातात उभा राहिला. कुठं डिंक नाही की जोड नाही. एकच कागद चिरून, दुमडून उभा केलेला.

"मिटव," आण्णा म्हणाले.

तिनं मिटवलं.

"घाई केलीस. पुन्यांदा."

तिनं सात वेळा उघडलं, सात वेळा मिटवलं. आठव्यांदा आण्णांनी ते तिच्या हातून काढून घेतलं आणि गार झालेला चहा परत न्यायला सांगितला.

आण्णांचं खरं नाव बिरदेव. बाप कासुर्डीच्या माळावर मेंढरं राखायचा. घराण्यात शाळेची पायरी चढलेला हा पहिला. रेल्वेत खलाशी म्हणून, म्हणजे अंगमेहनतीच्या कामावर लागले, पण अक्षर आणि हात बघून साहेबानं त्यांना इंजिनिअरिंगच्या ऑफिसात नकाशे गिरवायला बसवलं. तिथं एकतीस वर्षं गेली. साहेबांनी काढायचं आणि कोळप्यानं गिरवायचं. खाली सही साहेबांची. एका साहेबाला परदेशातून नाताळचं कार्ड आलं होतं, उघडलं की चर्च उभं राहणारं. बदलीच्या वेळी साहेबानं ते टाकून दिलं. आण्णांनी घरी आणलं, ब्लेडनं घडी न् घडी मोकळी केली आणि कागद कसा उठतो ते शोधून काढलं. पुढं रिटायर झाल्यावर दुसरं काही केलंच नाही. जुन्या इमारतींसमोर उभं राहून मापं घ्यायची आणि कागदातून त्या उभ्या करायच्या. भुलेश्वराचं देऊळ, शिंद्यांची छत्री, रेल्वे कॉलनीतला पडायला आलेला इंग्रजी बंगला. कागदाला घडीची रेघ पाडायला त्यांच्याकडं एक शाई संपलेलं बॉलपेन होतं. ते कुणी उचललं तर घर डोक्यावर घ्यायचे. पुण्याची एक संस्था त्यांची कार्डं प्रदर्शनात मांडायची. मागं नाव असायचं : बि. म. कोळपे, दौंड. त्या नावासाठी ते जगत होते, असं म्हटलं तरी चालेल.

हर्षदा न्हावऱ्याची. बाप कोंडिबा, पोरं त्याला दादा म्हणत; दोन म्हशी, थोडा कांदा. पोरीला त्यानं डी.एड. केलं. भरती निघालीच नाही, तेव्हा लग्न लावून दिलं. नवरा संपत कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टवर. सरळ माणूस, पण बापापुढं तोंड न उघडणारा.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हाची गोष्ट. भुलेश्वराचं एक कार्ड मिटताना अडत होतं. आण्णा दोन दिवस त्याच्यामागं होते. तिसऱ्या दिवशी ते बाजारात गेले असताना हर्षदा फरशी पुसायला आत गेली आणि तिला दिसलं की मागच्या भिंतीची घडी केसभर बाहेर पडली आहे. तिनं हात पुसले, रेघ पाडली, घडी फिरवली. कार्ड लोण्यासारखं मिटलं.

आण्णा आले. त्यांनी कार्ड उघडलं, मिटलं. मग स्टीलची पट्टी उचलून तिच्या बोटांच्या पेरांवर उभी मारली.

"कुनी सांगितलं व्हतं?"

तिनं हात ओढून घेतला. बोटं ओच्यात धरून उभी राहिली.

"उद्यापास्नं भांडी बानू घासंल," ते म्हणाले. "तू हितं बसायचं."

तिला तेव्हा ठाऊक नव्हतं की आण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आहे. त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरनं उशीर झाला म्हणून सांगितलं होतं आणि ही गोष्ट त्यांनी बानूबाईंनाही सांगितली नव्हती.

शिकवणं म्हणजे असं, की ती कापायची आणि ते फाडायचे. आठ दिवसांचं काम बोटानं चाचपून बघायचे, एक चीर लांब लागली की मधोमध फाडून खाली टाकायचे. रडली तर म्हणायचे, "कागदावर पानी पडू दिऊ नगंस." पोरीच्या, अंकिताच्या वेळी सातवा महिना लागला, पाय सुजले, तरी ती टेबलाशी होती. पाय ठेवायला बानूबाईंनी पाट आणून दिला. आण्णांनी तो काढायला लावला, टेबल हलतं म्हणून.

पण एक गोष्ट हर्षदानं स्वतःपासून लपवली नाही. तिला ते काम आवडायचं. सपाट कागदातून पहिली कमान उठली त्या दिवशी तिच्या अंगावर काटा आला होता. चार वर्षांत ती आण्णांच्या पुढं गेली. खिडकीच्या जाळीतली नखाएवढी भोकं तिच्या हातानं पडत आणि कार्डामागं सही मात्र आण्णांची. पुढं पुढं ती सहीही तीच करायची, कारण त्यांना रेघ दिसत नव्हती. पुण्याहून संस्थेच्या बाई आल्या तेव्हा त्यांनी टेबलाशी बसलेल्या हर्षदाकडं बघून विचारलं, "या पण करतात का?"

"सून हाय," आण्णा म्हणाले. "कचरा उचलाया बसवलीय."

बाई हसल्या. हर्षदानं खाली पडलेले कागदाचे तुकडे खरोखरच गोळा केले.

कार्तिकातल्या एका बुधवारी पुण्याच्या प्रदर्शनासाठी सहा कार्डं द्यायची होती. बाईंची गाडी पाच वाजता न्यायला येणार होती. पाच तयार होती, सहावं राहिलं होतं. कामाच्या वेळी हर्षदाचा मोबाईल आवाज बंद करून आण्णांच्या खिशात असायचा, हा त्यांचा नेम. संपत पहिल्या पाळीला गेला होता आणि पाळीनंतर मीटिंगला थांबणार होता. बानूबाई अंकिताला घेऊन नणंदेकडं गेल्या होत्या. दिवसभर घरात ब्लेडचा आवाज तेवढा होता. मधे दोनदा आण्णा उठून ओट्यावर गेले आणि काही तरी बोलून आले. तिनं लक्ष दिलं नाही.

गाडी आली. कार्डं गेली. आण्णांनी पाणी मागितलं, प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "तुज्या बापाचं काय तरी झालंय म्हनं. फोन आलता."

"कवा?"

"मगाशी."

तिनं मोबाईल घेतला. भावाचा, हृतिकचा, पहिला फोन अकरा वाजून सात मिनिटांनी आला होता. चार मिनिटं बोलणं झालं होतं. मग पाच फोन कुणी न उचललेले. मग तीन वाजता पुन्हा एक, दोन मिनिटांचा.

तिनं आण्णांकडं बघितलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता.

"सांगितलं आसतं तर काम सोडून पळाली आसतीस," ते म्हणाले.

संपत गाडी घेऊन आला तेव्हा साडेपाच झाले होते. चौफुल्यावरून न्हावऱ्याला पोचेपर्यंत दिवस मावळला. वस्तीवर न जाता लोकांनी त्यांना परस्पर नदीकडं पाठवलं. चिता अर्धी बसली होती. बायका नव्हत्या, चार-सहा पुरुष उभे होते. हृतिक तिच्याकडं चालत आला. त्याला रडायचं होतं का मारायचं होतं, कुणास ठाऊक.

"सकाळधरनं दादा तुजंच नाव घेत व्हतं," तो म्हणाला. "आलती का, आलती का. तुज्या सासऱ्याला सांगितलं मी. म्हनला, लावून देतो. तीनला परत केला, तवा दादा गेलं व्हतं. तर म्हनला, तिला यायला व्हनार न्हाई, तुमी उरकून घ्या."

हर्षदा चितेजवळ गेली. धग लागली तिथं थांबली. तिच्या बोटांना अजून कागदाची पांढरी भुकटी होती.

तेराव्यानंतर ती दौंडला परत आली. लोकांनी पुढं पुष्कळ विचारलं, परत का गेलीस? संपत म्हणाला होता, म्हातारा माणूस आहे, त्याला सुचलं नाही. बानूबाई म्हणाल्या, "त्येला काय सांगावं? माझी आई गेली तवा मला दोन दिसांनी सांगितलं." पण हर्षदा काही त्यांच्या बोलण्यानं आली नाही. पोरीसाठी आली, असं ती सांगायची. तेही पुरतं खरं नव्हतं. आण्णांनी तिला सगळं शिकवलं होतं, फक्त घुमट शिकवला नव्हता. सपाट कागदातून गोल घुमट कसा उठवायचा आणि तो परत सपाट कसा मिटवायचा, हे दौंडमध्येच काय, तिला ठाऊक असलेल्या जगात एकट्या आण्णांना येत होतं. डोळे चालत होते तोवर घुमटाचं कार्ड असलं की ते तिला बाहेर पाठवत आणि दार आतून लावत. ती तेवढ्यासाठी टेबलाशी येऊन बसली. बापाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. आण्णांनीही नाही. त्यांना वाटलं, सून समजूतदार आहे.

दोन वर्षं गेली. आण्णांना दारातून येणारा माणूस सावलीसारखा दिसू लागला. एकदा पुण्याच्या बाईंनी घुमटाचं कार्ड मागितलं. आण्णा नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हटलं तर नाव पुसलं जाणार होतं. त्यांनी हर्षदाला समोर बसवलं, तिची बोटं आपल्या बोटांत धरली आणि चकत्या कशा कापायच्या ते सांगितलं. अर्ध्या चकत्यांना वरून निम्मी चीर, अर्ध्यांना खालून. मग त्या एकमेकींत बसवायच्या, आडव्या-उभ्या.

"कळलं?"

"व्हय."

"करून दाव."

तिनं करून दाखवला. आण्णांनी तळहात त्याच्यावरून फिरवला. खूप वेळ फिरवला. "माज्यापरीस बरा हाय," ते म्हणाले. नऊ वर्षांत एवढं एकदाच म्हणाले.

त्या दिवसापासून हर्षदाला आण्णांकडून काही नको होतं. पुढच्या कार्डामागं तिनं स्वतःचं नाव लिहिलं. बाईंना फोन करून कोण करतं ते सांगितलं. बाई म्हणाल्या की अंदाज होताच. आण्णांना हे कळलं ते बाईंनी हर्षदाचं अभिनंदन करायला घरच्या फोनवर फोन केला तेव्हा. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवले. आता त्यांना काहीच दिसत नव्हतं. दिवसभर ते टेबलाच्या पलीकडं खुर्चीत बसून ब्लेडचा आवाज ऐकायचे. "कंचं चाललंय?" विचारायचे. ती म्हणायची, "हाय काय तरी." अंकिता एकदा तयार कार्ड त्यांच्या हातात द्यायला गेली. हर्षदानं ते मधेच काढून घेतलं.

पावसाळ्याच्या तोंडाला आण्णांनी तिला हाक मारली. आवाज बदललेला होता.

"हर्षदा, येक देऊळ करायचं ऱ्हायलंय."

कासुर्डीत बिरोबाचं जुनं देऊळ होतं, दगडी, बुटकं. आण्णांच्या बापानं आण्णांना पाठीवर घेऊन त्याला पहिल्यांदा पाया पडायला नेलं होतं. वीसेक वर्षांमागं गावानं ते पाडून स्लॅबचं, फरशा लावलेलं नवं बांधलं. पाडायच्या आदल्या आठवड्यात आण्णांनी वितीनं आणि सुतळीनं सगळी मापं घेतली होती. कागदावर मांडायचं राहून गेलं, पण डोक्यात होतं. धड फोटो कुणाकडंच नव्हता.

"तेवढं माज्या हातात दे," ते म्हणाले. "मग काय मागनार न्हाई."

"सांगा," हर्षदा म्हणाली. "लिव्हून घेते."

चार दुपारी ते सांगत होते. किती पायऱ्या, प्रत्येक पायरी किती झिजलेली. दाराची उंची. आत डावीकडं कोनाडा कुठं आणि किती खोल. शिखराचे थर, त्यातला कुठला दगड पुढं आलेला. मधेच थांबून हवेत हातानं माप धरायचे, चुकलं म्हणायचे, दुरुस्त करायचे. सांगताना त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. हर्षदा समोर वही घेऊन बसली होती. तिच्या हातात ते घडीची रेघ पाडायचं, शाई संपलेलं पेन होतं. ते ती कागदावरून नुसतं मागंपुढं फिरवत होती, लिहिल्याचा आवाज यावा म्हणून.

"लिव्हलं?"

"लिव्हलं."

महिनाभर ते रोज विचारायचे, कुठवर आलं. पायऱ्या झाल्या, ती सांगायची. मग भिंती झाल्या. मग शिखर राहिलंय. आण्णा जेवायला लागले, दाढी करून घेऊ लागले. कासुर्डीच्या लोकांना फोन करून सांगितलं, बिरोबाचं देऊळ परत उभं राहतंय, माझ्या सुनेला समदी मापं दिल्यात.

एका सकाळी ती म्हणाली, "झालं."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. तिनं कोरा कार्डशीट मधोमध दुमडून त्यांच्या हातात ठेवला. आण्णांनी तो मांडीवर घेतला आणि सावकाश उघडला, काटकोनात, ते नेहमी शिकवायचे तसा. मग उजव्या हाताची बोटं आत घातली. बोटं खालच्या पानावरून गेली, मागच्या पानावर चढली, परत आली. पुन्हा गेली. मधल्या घडीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली.

"कुठं हाय?" ते म्हणाले.

"हाय की, आण्णा. तुमच्या बोटाखालीच हाय."

त्यांनी पुन्हा चाचपलं. 

"पायऱ्या लागंनात."

"लई बारीक कापलंय. तुमची बोटं मेल्यात," हर्षदा म्हणाली. "अंकिताला दिसतंय की. इचारा तिला."

अंकिता शाळेत गेली होती. दारात बानूबाई उभ्या होत्या, हातात तांदळाचं सूप. त्यांना मांडीवरचा कोरा कागद स्वच्छ दिसत होता. त्या आत आल्या नाहीत आणि बोलल्या नाहीत. सूप घेऊन मागं वळल्या.

आण्णांनी बोटं आणखी एकदा मधल्या घडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "हां. हाय. लागलं आता." आणि थोड्या वेळानं, "चांगलं झालंय."

ते खोटं बोलत होते, हे हर्षदाला कळत होतं. आपल्या बोटांतली जाणही गेली, असं त्यांना वाटलं होतं आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं. तिनं कागद काढून घेतला आणि मागच्या बाजूनं दुसऱ्या कामाला वापरला.

त्यानंतर आण्णांनी कशालाच हात लावून बघितलं नाही. ताटात भाकरी कुठं आहे हेही चाचपेनात. बानूबाईंनी भरवलं तर खायचे. खुर्चीत हात मांडीवर उलटे टाकून बसायचे, कुणीतरी ठेवून गेल्यासारखे. आठ महिन्यांनी गेले. पेपरात चार ओळी आल्या. त्यात हर्षदाचं नाव शिष्या म्हणून होतं.

वर्षश्राद्ध झाल्यावर कासुर्डीहून रखमाजी मामा आणि आणखी दोघं आले. रखमाजी आण्णांच्या बरोबरीचे, लहानपणी एकत्र मेंढरं हिंडवलेले. नव्या देवळात जुन्या देवळाचं काहीतरी काचेत ठेवायचं गावानं ठरवलं होतं.

"आण्णानं फोनवर सांगितलं व्हतं," रखमाजी म्हणाले. "समदी मापं तुज्याकडं हायती. तयार बी झालंय म्हनला."

हर्षदा म्हणाली, "बसा." ती आत गेली. टेबलाशी उभी राहून तिनं आठवून बघितलं. आता तिला ते करता आलं असतं. करावंसंही वाटलं, कारण दगडी, बुटकं, झिजलेल्या पायऱ्यांचं देऊळ तिनं अजून कधी कापलं नव्हतं. पायऱ्या पाच का सात? कोनाडा डावीकडं होता, एवढं नक्की. दारातून वाकून जावं लागायचं. शिखराचे थर चार दुपारींतल्या तिसऱ्या दुपारी सांगितले होते आणि त्या दुपारी ती खिडकीबाहेर मालगाडीचे डबे मोजत बसली होती.

ती बाहेर आली.

"मला न्हाई काय सांगितलं त्यांनी, मामा."

"न्हाई?"

"न्हाई."

रखमाजींनी बाकीच्या दोघांकडं बघितलं. "म्हंजी शेवटाला बी थापा मारल्या म्हना," ते म्हणाले. दुसरा म्हणाला की आण्णा पहिल्यापासूनच बढाईखोर. मग तिघांनी चहा घेतला आणि आण्णांच्या थापा आठवून आठवून सांगितल्या. हर्षदानं कपबशा उचलल्या. एकदा तोंड उघडलं असतं तर पुरं झालं असतं. तिनं उघडलं नाही.

ते गेल्यावर बानूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लबाड नव्हता त्यो. बाकी समदं व्हता."

 पुण्याच्या बाईंना शनिवारपर्यंत शिंद्यांच्या छत्रीची दहा कार्डं हवी होती. हर्षदा आत गेली, कागद सरळ केला आणि पुढच्या खोलीचं दार लोटून घेतलं.